घटनेचं वर्णन (जागा : चार ओळी)

टँकरचं मागचं उजवं चाक
मर्डॉक गिलिसच्या अंगणात गेलं
आणि तिथंच राहिलं.

आवाज मोठा नव्हता.
जुन्या पलंगावर कुणी जाड माणूस बसावा, तेवढाच.
बर्फाखाली फळ्या, फळ्यांखाली मैल्याची टाकी,
त्याच्या बापानं खणलेली, कुठल्याच नकाशात नसलेली.
आरशात पाहिलं तर डोंगर तिरका.

पोटात दोन हजार सातशे लिटर फर्नेस ऑइल,
बाहेर उणे अठरा,
आणि त्याच्या तळघरातली भट्टी पहाटेपासून खोकत होती
म्हणून तर आलो. नाहीतर गुरुवारी
मी मार्गरीच्या खोऱ्यात नसतोच.

फोनवर डेल्फीन म्हणाली, तेल सांडलं?
नाही म्हटल्यावर तिचा सुस्कारा ऐकू आला.
मग : फोटो काढ. पान दोन भर.
आणि माफी मागू नकोस.
माफी म्हणजे कबुली,
हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय,
कॉफी आणि डोनटसकट.

मर्डॉक बाहेर आला, बुटांच्या नाड्या न बांधता.
टाकीकडे पाहिलं, चाकाकडे, मग माझ्याकडे.
"लागलं का तुला?"

फॉर्मवर या प्रश्नाला रकाना नाही.

"इथं दोन नारिंगी काठ्या होत्या," तो म्हणाला,
"ऑगस्टात गवत कापताना मीच उपटल्या.
शीला कॅल्गरीहून दर रविवारी विचारायची,
बाबा, लावल्यात का परत?
मी म्हणायचो, लावल्या."

इथं गप्प बसलो असतो
तरी काम झालं होतं.
नवी टाकी, क्रेन, वाकलेला अ‍ॅक्सल,
सगळं दोन काठ्यांच्या नावावर.
शिवाय कागद होता, ऑक्टोबरातला, त्याच्या सहीचा :
सार्वजनिक रस्ता सोडल्यापुढची जोखीम ग्राहकाची.
त्या दिवशी त्याचा चष्मा घरात राहिला होता.
बोनेटवर कागद धरून
मीच बोट टेकवलं होतं,
"काही नाही हो, नुसती फॉर्मॅलिटी. इथं."
तेच बोट आज हातमोज्यात ठणकत होतं.
थंडीनं असेल.

आणि एक.
मी नेहमीच्या चाकोरीतून गेलो नव्हतो.
एक वळण वाचवायला
चार हात उजवीकडे घेतली होती गाडी.
हे मला ठाऊक आणि बर्फावरच्या खुणांना,
आणि चारपर्यंत पुन्हा बर्फ पडणार होता.

आधी नळी ओढली, जेवढी पुरली तेवढी,
उरलेलं अंतर कॅनमधून.
तो एक कान धरायचा, मी दुसरा.
भट्टी पेटली तेव्हा
घरानं घसा साफ केल्यासारखं केलं.

मग स्वयंपाकघरात फॉर्म.
या वेळी त्यानं चष्मा लावला,
बोट ओळींखालून फिरवत सगळं वाचलं, छापखान्याचं नावसुद्धा.
मी लिहिलं होतं : चाक खड्ड्यात गेलं.
"गेलं?" तो म्हणाला. "आपलं आपण?"
मी खोडून लिहिलं : नेलं.
"कुणी?"
खिडकीतून टँकर दिसत होता, एका गुडघ्यावर टेकलेला.
मी उजवीकडून नेलं, असं लिहिलं,
आणि चार हात हा आकडा.
त्यानं पेन ओढून घेतलं, खाली काठ्या लिहिल्या,
ऑगस्ट लिहिला,
जागा संपली म्हणून समासात रविवार.
डेल्फीन आम्हा दोघांना फाडून खाणार आहे.

पाच वाजता इन्व्हरनेसहून टोइंगवाला आला.
हेडलाइट अंगणाबाहेर, बरोब्बर डांबराच्या कडेवर थांबले.
काच खाली करून त्यानं एक क्लिपबोर्ड बाहेर काढला.
"खाजगी जागा आहे ना?
आत यायच्या आधी एक सही लागेल.
काही नाही, नुसती..."

मर्डॉक म्हणाला, थांब,
चष्मा आणतो.